अलास्का हायवेवरचे विनंती थांबे

माझ्या यादीत सत्तेचाळीस ठिकाणं होती. दोन महिने रात्री जेवणं आवरल्यावर लॅपटॉप घेऊन बसायचे आणि एकेक सरोवर, एकेक धबधबा, एकेक कडा नकाशावर टाचून ठेवायचे. शेवटी आम्ही राहतो त्या कॅनडातल्या एडमंटनपासून युकॉनमधल्या क्लुएन सरोवरापर्यंतचा सगळा रस्ता लाल ठिपक्यांनी भरून गेला. अण्णा आणि आई मेमध्ये कऱ्हाडहून आले, तेव्हा पहिल्याच रविवारी मोठ्या हौसेने ती यादी त्यांच्यापुढे ठेवली.

अण्णा एस.टी.त बत्तीस वर्षं चालक होते. कऱ्हाड आगार, आणि त्यातली बरीचशी वर्षं कुंभार्ली घाटातून चिपळूण. इथे आल्यावर काय बघायचंय असं विचारलं तर म्हणाले, "तुमच्याकडचा सगळ्यात लांबचा रस्ता दाखव." म्हणून कॅनडातून अलास्काला जाणारा अलास्का हायवे ठरला. त्यांनी चष्मा लावला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि पहिल्या पाच ठिकाणांवर बोट ठेवून तीनच प्रश्न विचारले. तिथे आपण कितीला पोचतोय? ते रस्त्याच्या कुठल्या अंगाला आहे? आणि तुझ्या आईला तिथे संडास आहे का?

मला एकाही ठिकाणाचं उत्तर देता आलं नाही. फोटो सगळ्यांचे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीकडून शंभर पानी वही मागून घेतली आणि पट्टीने रकाने आखले. किलोमीटर, ठिकाण, पोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, शेरा. माझी यादी त्यांनी बाजूला ठेवली. आधी मुक्काम ठरवायचे म्हणाले, मग डिझेल, मग माणसांची शरीरं, आणि या तिन्हींतून जो वेळ उरेल त्यात तुझे डोंगर. (आमची गाडी पेट्रोलवर चालते, पण अण्णांच्या तोंडी डिझेलच.) वेगमर्यादेच्या पाटीवर शंभर लिहिलेलं असलं तरी हिशेब तासाला सत्तरचाच धरायचा. नवऱ्याला हे फार सावध वाटलं. प्रवासातला प्रत्येक दिवस त्या सत्तरच्या हिशेबाला दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने उतरला.

मुक्काम असे पडले: डॉसन क्रीक, फोर्ट नेल्सन, मंचो लेक, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स. डॉसन क्रीक म्हणजे या रस्त्याचा शून्य मैल. तिथून व्हाइटहॉर्स साधारण १,४२० किलोमीटर, आणि आमच्या एडमंटनहून डॉसन क्रीकलाच सहाशेच्या घरात. पाचव्या दिवशी वॉटसन लेक ते व्हाइटहॉर्स जवळजवळ साडेचारशे किलोमीटर होते, म्हणून त्या दिवसाचे माझे नऊ थांबे त्यांनी दोनवर आणले. चौथ्या दिवशी अंतर कमी, तर तिथे वेळ सढळ ठेवला. मी दिवसाला सारखे थांबे वाटले होते. ते किती चुकीचं होतं हे रकाने भरले गेल्यावरच दिसलं.

बाजूचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. कॅनडात गाडी उजवीकडून चालते. डाव्या अंगाच्या जागेवर थांबायचं म्हणजे समोरून येणाऱ्या लाकडाच्या ट्रकांपुढून गाडी आडवी न्यायची, आणि पुन्हा तशीच बाहेर काढायची. अण्णांनी प्रत्येक ठिकाण उपग्रहाच्या नकाशावर मला मोठं करून दाखवायला लावलं. उजव्या अंगाची ठिकाणं जाताना, डाव्या अंगाची येताना. एवढ्या एका गोष्टीने यादीचे आपोआप दोन भाग झाले, आणि परतीचा प्रवासही रिकामा राहिला नाही. नाहीतर येताना माणूस नुसता घराकडे पळत सुटतो.

सत्तेचाळीसचे अठरा राहिले. वाईट वाटलं. दोन धबधब्यांसाठी मी भांडलेसुद्धा, एक मिळाला. पण मग त्यांनी स्वतःहून एक सोय काढली. गाडीतल्या प्रत्येकाला दिवसाला एक विनंती थांबा. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. फक्त गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेता आली पाहिजे. एस.टी.च्या पाट्यांवर लहानपणापासून वाचलेले ते दोन शब्द त्यांनी आमच्या वेळापत्रकात असे घातले, आणि त्या क्षणी मला हा प्रवास आपला वाटायला लागला.

मैलांचा घोळ मात्र माझ्या हातून झाला. हा रस्ता १९४२ साली अमेरिकेच्या सैन्याने बांधला. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर अलास्काला जमिनीवरून रसद पोचवायची होती. तेव्हाचे मैलांचे आकडे गावांना आणि ढाब्यांना कायमचे चिकटले. फोर्ट नेल्सन म्हणजे मैल ३००. मी सरळ गुणाकार करून वहीत ४८३ किलोमीटर लिहिलं. पण मधल्या ऐंशी वर्षांत रस्त्याची वळणं सरळ होत गेली, आणि आज डॉसन क्रीकहून फोर्ट नेल्सन साडेचारशेच्या जरा वर भरतं. वॉटसन लेकपर्यंत हा फरक चाळीस किलोमीटरपर्यंत जातो. जुन्या मैलांवरून एखादा थांबा शोधायला निघालात तर तो केव्हाच मागे पडलेला असतो. अर्धी वही खोडून पुन्हा लिहावी लागली. जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ऐतिहासिक मैल आणि आजचे किलोमीटर एकाच रकान्यात लिहू नका.

निघायच्या आठवड्यात अण्णांनी डिकीतली फळी उचलली आणि विचारलं, "स्टेपनी कुठाय?" स्टेपनी नव्हतीच. गाडीबरोबर कंपनीने हवा भरायचा छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली दिली होती. पुढचा एक तास ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी आम्ही पूर्ण मापाचं चाक विकत आणलं, आणि त्याला जागा करायला माझी खुर्ची आणि दुर्बिणीचा स्टँड घरी राहिला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. डॉसन क्रीकला घड्याळ एक तास मागे गेलं. उन्हाळ्यात तिथली वेळ अल्बर्टाच्या मागे असते. तो तास अण्णांनी वहीत 'शिल्लक' म्हणून लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किस्कॅटिनॉचा लाकडी पूल. मुख्य रस्त्यापासून उजवीकडे जुन्या रस्त्याचा एक तुकडा शिल्लक आहे, त्यावर. पूल सगळा लाकडाचा, आणि तो वळणात बांधलेला आहे. नदीवर नऊ अंशांचं वळण घेत जातो. लांबी १६२ मीटर. माझ्या मूळ यादीत हा नव्हताच, कारण फोटोत तो साधा दिसतो. अण्णांनी तो घालायला लावला. पुलाच्या तोंडाशी उभे राहून ते खालच्या खांबांचे जोड बघत होते. लष्कराच्या भरलेल्या गाड्या या वळणावरून नेणाऱ्या चालकांबद्दल ते नवऱ्याशी बराच वेळ बोलले. वीस मिनिटांचा थांबा चाळीस मिनिटांचा झाला, आणि शिल्लक तास तिथून मोडायला सुरुवात झाली.

फोर्ट नेल्सनपर्यंतचा बाकीचा दिवस म्हणजे झाडं आणि ट्रक. तिथे पाहण्यासारखं काही नाही असं म्हणणार नाही, पण थांबून पाहण्यासारखं कमी आहे.

खरा डोंगर तिसऱ्या दिवशी लागतो. फोर्ट नेल्सन सोडलं की मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घेतले होते आणि निघताना ड्राइव्ह बीसी या रस्त्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती पाहून घेतली होती. डिझेलचा नियम अण्णांचा: काटा अर्ध्यावर आला की भरायचं, पुढे पंप दिसत असला तरी. त्याच दिवशी इंटरनेटवर चालू दाखवलेला एक छोटा पंप प्रत्यक्षात बंद निघाला. दारात साखळी, आत काळोख. पाऊण टाकी भरलेली होती म्हणून आम्ही नुसते बघून पुढे गेलो.

समिट लेक हा अलास्का हायवेचा सर्वांत उंच भाग, १,२९५ मीटर. म्हणजे आपल्या महाबळेश्वरहूनही थोडा कमीच. अण्णांना हा आकडा आधी खरा वाटेना. पण जून संपत आला होता तरी माथ्यावर बर्फाचे पट्टे होते, झाडं खांद्याएवढी, आणि वारा इतका गार की आईने शालीवर शाल घेतली. उंची तीच, पण जागा अठ्ठावन्न अंश उत्तरेला. तिथून उतरताना नवरा ब्रेकवर पाय ठेवून होता. अण्णा शांतपणे म्हणाले, "ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा, जावईबापू." आमची गाडी ऑटोमॅटिक, पण तिच्यातही खालचा गिअर असतो हे आम्हाला त्या दिवशी वापरून कळलं.

पुढे रस्त्यावर मेंढ्या. स्टोन शीप म्हणतात त्यांना, करड्या अंगाच्या आणि पांढऱ्या तोंडाच्या. डोंगरातून वाहून आलेली खारट माती चाटायला त्या रस्त्याकडेला येतात आणि वाहनांना मुळीच बिचकत नाहीत. त्यांच्यासाठी रस्त्यातच गाडी उभी करणारे पुष्कळ दिसले. मागून वळणावरून ट्रक येत असतो. कृपा करून असं करू नका. आम्ही हळू पुढे गेलो, पहिल्या मोकळ्या जागेत बाहेर उभे राहिलो आणि तिथून पाहिल्या.

मंचो लेकच्या मुक्कामाचा हट्ट मात्र माझा होता, आणि तो मी वहीवर जिंकला. हे सरोवर बारा किलोमीटर लांब आहे आणि रस्ता त्याच्या पूर्वेच्या काठाने, कडा फोडून काढलेला. म्हणजे पाणी आपल्या पश्चिमेला. सकाळी सूर्य पाठीशी, उजेड समोरच्या डोंगरांवर, आणि वारा उठायच्या आधी पाणी हलत नाही. दुपारी आलात तर ऊन डोळ्यांवर आणि पाण्यावर लाटा. जाताना सरोवर डाव्या अंगाला येतं, म्हणजे बाजूच्या नियमात बसत नव्हतं. पण काठावरच मुक्काम केला तर सकाळी सहाला रस्त्यावर चिटपाखरू नसतं, हे अण्णांना पटलं. सहाला उतरलो. काठाशी पाणी इतकं नितळ की तळातला गोटान् गोटा मोजता यावा. चार हात पुढे गेलं की हिरवं, आणि त्यापुढे एकदम गर्द निळं. समोरचा डोंगर पाण्यात उलटा, टोकावरच्या बर्फासकट. माझी मुलगी दगड मारायला वाकली होती. तिने हातातला दगड तसाच खाली ठेवला.

तिथून साठेक किलोमीटरवर लिआर्डचे गरम पाण्याचे झरे. लाकडी फळ्यांच्या पायवाटेने गरम दलदलीतून सातशे मीटर चालायचं. आईच्या गुडघ्यांसाठी इथे दोन तास धरले होते. वाट सपाट आहे, त्यामुळे तिला त्रास झाला नाही. कुंडात उतरायला पायऱ्या आहेत. ती तिसऱ्या पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "आपल्या राजवाडीच्या कुंडासारखंच गं." माहेर तिचं संगमेश्वरकडचं. झऱ्याच्या तोंडाशी पाणी पन्नास अंशांच्या वर जातं, पायऱ्यांच्या बाजूला सोसवेल असं. ती तासभर उठली नाही. माझ्या मूळ वेळापत्रकात लिआर्डला पस्तीस मिनिटं होती.

झऱ्यांहून निघाल्यावर रस्त्याकडेला वूड बायसनचा कळप. अण्णा बघताक्षणी म्हणाले, "गवे!" कोयनेच्या रस्त्यावर रात्री हेडलाइटमध्ये गवे पाहिलेले डोळे ते. हे त्याहून केसाळ, खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा, आणि बरोबर तांबूस वासरं. काचा वर, इंजिन चालू, मध्ये भरपूर अंतर. सगळा कळप ओलांडून जायला अकरा मिनिटं लागली. वहीत ती वेगळ्या शाईने लिहिलेली आहेत.

काँटॅक्ट क्रीक हा अण्णांचा स्वतःचा थांबा. एक ओढा, एक माहितीफलक, बस. २४ सप्टेंबर १९४२ रोजी दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून रस्ता काढत आलेल्या सैनिकांच्या तुकड्या इथे भेटल्या. हा रस्ता बांधणाऱ्यांत हजारो कृष्णवर्णीय सैनिक होते, वेगळ्या रेजिमेंटमध्ये ठेवलेले, आणि त्यांना त्याचं श्रेय कितीतरी वर्षं कुणी उघडपणे दिलं नाही. मी फलक वाचून मराठीत सांगत होते. अण्णा ऐकून झाल्यावर रस्त्याच्या कडेला गेले आणि वाकून डांबराला हात लावला.

वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल आहे. १९४२ मध्ये एका अमेरिकी सैनिकाने घराच्या आठवणीने आपल्या गावाच्या नावाची, अंतर लिहिलेली पाटी तिथे ठोकली. मग येणारा-जाणारा आपल्या गावची ठोकत गेला. आज त्या ऐंशी हजारांच्या वर आहेत. अण्णांनी बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा काढला. कऱ्हाडच्या पेंटरकडून रंगवून आणला होता आणि आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. पांढऱ्यावर लाल अक्षरं: कऱ्हाड – चिपळूण, मार्गे पाटण, कोयनानगर. खिळे आणि हातोडीसुद्धा त्यांच्याच बॅगेत. ठोकून झाल्यावर मागे सरून पाटी सरळ आहे का ते त्यांनी दोनदा तपासलं. मी फोटो काढला, पण हलला. पुन्हा उभं राहा म्हणायचं मला धाडस झालं नाही.

पाचव्या दिवशीचा भांडून मिळवलेला धबधबा म्हणजे रँचेरिया. झाडांतून दहा मिनिटांची सोपी वाट. त्याच भागात रस्ता पाणलोटाची सीमा ओलांडतो. एका बाजूचं पाणी मॅकेन्झी नदीतून आर्क्टिक महासागराला जातं, दुसऱ्या बाजूचं युकॉन नदीतून बेरिंग समुद्राला. हे सांगितल्यावर अण्णांनी मला कुंभार्लीचा माथा समजावून सांगितला. इकडचं पाणी कोयनेतून कृष्णेत आणि बंगालच्या उपसागरात, तिकडचं वाशिष्ठीतून अरबी समुद्रात. त्या रेषेवरून ते वर्षानुवर्षं गाडी नेत होते. त्यांच्या मुलीला हे साठ अंश उत्तरेला, हजारो मैलांवर येऊन कळलं.

त्याच दुपारी समोरच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेवर हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका. व्हाइटहॉर्सला तो रेझिनने भरून घेतला. टवका लगेच भरला नाही तर थंडीत त्याची चीर होते, तेव्हा मुक्कामाच्या दिवशी दोन तास या कामाला ठेवावेत. व्हाइटहॉर्सला सूर्य रात्री साडेअकराला मावळत होता. त्यामुळे एमरल्ड लेकला आम्ही संध्याकाळी सातनंतर गेलो आणि तरी लख्ख उजेड होता. तळाशी चुन्याचा पांढरा गाळ आहे, त्यावरून उजेड परततो म्हणून पाण्याचा तो हिरवा रंग. उत्तरेच्या उन्हाळ्यात थांब्यांना अंधाराची भीती नसते. चालकाच्या झोपेची असते. रात्री दहानंतर गाडी चालवायची नाही, हे आम्ही कटाक्षाने पाळलं.

शेवटचं ठिकाण क्लुएन सरोवर. तिथलं सोल्जर्स समिट पश्चिमेच्या काठावर आहे, म्हणजे उजेड दुपारनंतरचा चांगला. पण सरोवराच्या दक्षिण टोकाला मिळणारी स्लिम्स नदी २०१६ मध्ये जवळजवळ आटली. वरची हिमनदी मागे सरली आणि वितळलेलं पाणी दुसऱ्याच खोऱ्यात वळलं. उघड्या पडलेल्या पात्रातली भुकटीसारखी माती वाऱ्याने उठते. दुपारी वारा वाढतो, असं माहिती केंद्रातल्या बाईंनी सांगितलं. उजेड सोडला आणि सकाळ धरली. तरीसुद्धा पुलावरून जाताना खोऱ्याच्या तोंडाशी करडी धूळ उभी होती. नदी असायला हवी तिथे धूळ बघून पोटात कालवतं. २० नोव्हेंबर १९४२ रोजी कडाक्याच्या थंडीत ज्या जागी फीत कापून हा रस्ता खुला केला, त्या सोल्जर्स समिटपर्यंत आम्ही चढून गेलो. पुढे डिस्ट्रक्शन बेनंतर जमिनीखालचा कायमचा बर्फ वितळून रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. आईच्या पाठीला ते झेपलं नसतं, म्हणून वळलो. बीव्हर क्रीक आणि अलास्काची सरहद्द राहिली. त्याची मला हळहळ आहे.

परतीला डाव्या अंगाचे राखून ठेवलेले थांबे आता उजवीकडे आले. मुलीने विनंती थांबे मुख्यतः अस्वलांसाठी वापरले. या दिवसांत अस्वलं रस्त्याकडेचं कोवळं गवत आणि पिवळी फुलं खात असतात. आईने एकदा मोहरीसारखी फुलं बघायला गाडी थांबवली. नवऱ्याने झोप आली म्हणून दोनदा. अण्णांनी एकदाही मागितला नव्हता.

फोर्ट नेल्सनच्या बऱ्याच पुढे, डॉसन क्रीककडे येताना, ते म्हणाले, "विनंती थांबा." ना सरोवर, ना डोंगर. खडी टाकलेली एक मोकळी जागा, दोन्हीकडे बारकी काळी झाडं, आणि सरळ रस्ता. नवऱ्याने गाडी बाहेर घेतली. "इंजिन बंद करा," अण्णा म्हणाले. ते उतरून बॉनेटच्या पुढे उभे राहिले, हात मागे बांधून. आम्ही कुणी उतरलो नाही. सतरा मिनिटांत एक ट्रक गेला.

वहीत त्या ओळीत किलोमीटर आहे, पोचण्याची वेळ आहे, सुटण्याची वेळ आहे. ठिकाणाचा रकाना त्यांनी मोकळा ठेवलाय.